आरएक्स १०० ची डर्ट बाईक केली, पण खालून दमच नाही. कार्बन रीड टाकू का?

पांदण_एक्स्प्रेस

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा. माह्याकडं यामाहाची आरएक्स १०० आहे, ९४ चं मॉडेल, मामाची होती, कोठ्यात कुटाराच्या पोत्यामांगं पडून होती थे काढली अन् डर्ट बाईक बनवली. म्हणजे पुढचं मडगार्ड वर उचललं, दोन्हीकडं बटनवाले टायर, रुंद हँडल, मागचे शॉकप लांब टाकले. बोर-पिस्टन नवीन आहे, पहिल्या ओव्हरसाईजवर. सायलेन्सर कंपनीचाच, फक्त मागची जाळी काढून टाकली आवाजासाठी.

आता प्रॉब्लेम असा का डांबरी रोडवर गाडी झकास पळते, एकदा उचलली का हातात राहत नाही राजेहो. पण वावरात, पांदणीत, ओल्या काळ्या मातीत खालून काहीच नाही. दुसऱ्या गिअरात हळू हळू आलो अन् एकदम अॅक्सिलेटर दिला का भोंऽऽ करते, मरगळते, मग अचानक झटका मारून उचलते, तोपर्यंत मागचा टायर जाग्यावर फिरून खड्डा करून मोकळा. सगळा टाईम क्लच दाबत सोडत चालवा लागते. सकाळी किका बी लय लागतात. अन् अजून एक, एअर फिल्टरचा डबा खोलला तं आतून पेट्रोलनं ओला दिसते, फिल्टर बी चिकट.

दोस्त म्हणते कार्बन रीड (कार्बोरेटर अन् इंजिनाच्या मधातली पत्ती) टाक, खालचा दम डबल होते. ऑनलाईन सेट दिसून रायला. कोनी टाकला आहे का? कार्बन घेऊ का फायबर? जाडी किती घ्या लागते? कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) बदलावं लागते का? पोळ्यानंतर इकडचे पोट्टे नाल्याकाठच्या पडीकात रेस लावतात, त्याच्या आधी गाडी नीट करायची आहे. जानकार लोकाईनं सांगा.

गॅरेजवाला_परतवाडा

बाबू, कार्बन-फार्बन मागून. तू जे लिहिलं त्याच्यातच अर्धं उत्तर आहे.

फिल्टरचा डबा पेट्रोलनं ओला म्हणजे इंजिन वापस थुंकून रायलं. रीडचं काम एकच, माल आत जाऊ देणं अन् वापस येऊ न देणं, विहिरीवरच्या मोटरपंपाच्या फुटवॉल्ववानी. पिस्टन वर चालला का खाली क्रँककेसमधी ओढ पडते, पत्त्या उघडतात, हवा-पेट्रोल आत येते. पिस्टन खाली आला का आतला दाब वाढते, पत्त्या बंद होतात अन् थो माल ट्रान्सफर पोर्टातून वर सिलेंडरमधी जाते. आता पत्ती नीट बसतच नसन तं पिस्टन खाली येता येता निम्मा माल कार्बोरेटरमधून वापस बाहेर. इंजिन जोरात फिरत असलं का मालाले वापस पळायले टाईमच भेटत नाही म्हणून वरून गाडी चांगली वाटते. हळू चालवली का सगळी पोल खुलते. किका जास्त लागणं बी त्याच्यातच आलं. तुही गाडी नेमकी तशीच वागून रायली.

म्हणून पैसे घालायच्या आधी खोलून पाह्य. पेट्रोलचा कॉक बंद, कार्बोरेटर बाजूले, मॅनिफोल्डचे (कार्बोरेटर इंजिनाले जोडणाऱ्या रबरी नळीचे) चार बोल्ट काढले का पत्त्याईचा ब्लॉक बाहेर येते. पॅकिंग चिपकलं असन तं पेचकस घालून उचकटजो नोको, अॅल्युमिनियमची फेस आहे, एक चरा पडला का तिथून आयुष्यभर हवा घेईन. लाकडी मुठीनं हलकं ठोक, सुटते. पोर्टात साफ फडकं कोंबून ठीव, नट-वायसर आत गेलं तं रडत येशीन.

ब्लॉक पेट्रोलनं धू, पुस, अन् उन्हाकडं नाही तं मोबाईलच्या टॉर्चकडं धरून पाह्य. पत्ती अन् ब्लॉकच्या मधून उजेडाची बारीक रेघ एखाद्या जागी दिसली तं समजू शकतो, पण पूर्ण कडेनं उजेड येऊन रायला तं पत्ती गेली. पत्तीचं टोक, कोपरे नखानं चाचपून पाह्य. ब्लॉकवर जे रबराचं कोटिंग असते, पत्ती बसते त्या काठावर, थे दबलं का, सोललं का थे बी पाह्य. लोक पत्ती नवीन टाकतात अन् रबर सोललेलंच ठेवतात, मग म्हणतात फरकच नाही पडला.

आणि थे सायलेन्सरची जाळी वापस बसव. आवाजासाठी खालचा अर्धा दम तूच काढून फेकला.

कार्बन_किंग_नागपूर

काका नेहमीसारखे सुरू झाले 😄 पण भाऊ मी सांगतो, माझ्या आरएक्स १३५ ला कार्बन रीड टाकलेत, थ्रॉटल रिस्पॉन्स इतका शार्प झाला की विचारू नको. स्टॉकची स्टीलची पत्ती जड असते, कार्बन हलकी, पटकन उघडते पटकन बंद होते. रिंग रोडला मित्राची गाडी अशी मागे सोडली. टाकून घे बिनधास्त, फायबर-बियबरच्या भानगडीत पडू नको, लवकर टोकं उसवतात त्याची. फक्त मेन जेट एक नंबर वाढव.

गॅरेजवाला_परतवाडा

रिंग रोड अन् पांदणीत फरक असते बाप्पा. तू कोनत्या आरपीएमले चालवतं अन् हा कोनत्या आरपीएमले.

संथ_टू_स्ट्रोक

मी पुण्यात असतो, मूळचा आर्वीचा. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, जरा सविस्तर लिहितो कारण या विषयावर इंटरनेटवर लोक "कार्बन म्हणजे भारी" एवढंच लिहून मोकळे होतात.

पत्ती कशाची आहे यापेक्षा ती किती ताठ आहे हे महत्त्वाचं. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणजे ०.३० मिमीच्या जागी त्याच मटेरियलची ०.३५ ची पत्ती घातली तर जाडीत फरक दिसतो इवलासा पण ताठपणा जवळपास ६० टक्क्यांनी वाढतो. मऊ पत्ती थोड्याशा ओढीला उघडते, म्हणून कमी आरपीएमला, जेव्हा क्रँककेसमधली ओढ कमजोर असते, तेव्हा इंजिनला माल मिळतो. हाच तो खालचा दम. पण तीच मऊ पत्ती वरच्या आरपीएमला वेळेवर बंद होत नाही, फडफडते. हिशोब करा, आरएक्स १०० ची कमाल पॉवर ७५०० आरपीएमला येते, ११ पीएस, म्हणजे तिथे पत्तीला सेकंदाला १२५ वेळा उघडून बंद व्हायचंय. मऊ पत्तीला ते झेपत नाही, वरचा जोर कमी होतो आणि पत्ती लवकर उसवते.

ताठ पत्तीचं याच्या उलट. बाजारातले बरेच कार्बन सेट रेसिंगसाठी, वरच्या आरपीएमसाठी बनवलेले असतात, म्हणजे ताठ. नागपूरच्या मित्राला फरक जाणवला तो खरा असणार, पण तो वरचा फरक आहे. पांदण_एक्स्प्रेस यांना हवं ते याच्या नेमकं विरुद्ध. पातळ फायबरची पत्ती त्यांच्या कामाची. कार्बनच घ्यायचा हट्ट असेल तर जाडी विचारून पातळातली पातळ घ्या, जाडी सांगता येत नसेल त्या दुकानदाराकडून घेऊच नका.

दोन्ही टोकं सांभाळायला बाहेर ड्युअल स्टेज पत्त्या मिळतात, बॉयसनच्या प्रसिद्ध आहेत. खाली जाड पत्ती, तिला मधे खिडकी कापलेली, आणि त्या खिडकीवर पातळ पत्ती. हळू चालताना फक्त पातळ उघडते, जोरात गेलं की जाडही उघडते. दुसरा प्रकार म्हणजे अख्खा ब्लॉकच बदलणं, मोटो टॅसिनारीचा व्ही-फोर्स, त्यात पत्त्यांची टोकं दुप्पट असतात म्हणून प्रत्येक पत्तीला कमी वाकावं लागतं, पत्ती जास्त टिकते. केटीएमच्या टू-स्ट्रोक एसएक्स गाड्यांना तो कंपनीतूनच बसून येतो. पण ते सगळं परदेशी डर्ट बाईकसाठी, आरएक्सवर तसं काही करायचं म्हणजे ब्लॉकची मापं, मॅनिफोल्ड सगळं घडवून घ्यावं लागेल, खर्चाचा आणि फायद्याचा मेळ बसत नाही.

स्टीलच्या पत्तीबद्दल एक गोष्ट मात्र कार्बन_किंग यांच्या बाजूने. स्टीलचा तुकडा तुटला तर तो आत जातो आणि पिस्टन, बोअर खरवडतो. फायबर किंवा कार्बनचा तुकडा बहुतेक वेळा चुरा होऊन सायलेन्सरवाटे निघून जातो. जुन्या गाडीला स्टीलच्या जागी फायबर घालायला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

जाळीबद्दल काकांशी सहमत. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसती धूर काढायची नळी नाही. त्याच्या फुगीर भागातून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेला ताजा माल पुन्हा सिलेंडरमधे ढकलते. शेवटची बारीक नळी आणि जाळी मिळून आतला दाब धरून ठेवतात. ते मोकळं केलं की पहिला फटका बसतो खालच्या आणि मधल्या आरपीएमला.

पांदण_एक्स्प्रेस

काका, दादा, सगळ्याईचे आभार. आज दुपारी खोललं. उकाडा असा का घाम थेट ब्लॉकवर टपकून रायला होता.

ब्लॉक काळा कुळकुळीत, ऑईलची चिकट लापशी जमलेली. पेट्रोलनं धुतला अन् उन्हाकडं धरला. खालच्या बाजूची पत्ती बरी आहे, एका ठिकाणी केसाएवढा उजेड. वरच्या बाजूची पत्ती मात्र टोकाले वर उचलल्यासारखी झाली, पूर्ण रुंदीभर उजेड दिसते, व्हिजिटिंग कार्ड आरामात जाते. त्याच पत्तीचा एक कोपरा नाही. रबराचं कोटिंग काठावर एका जागी दबून चमकून रायलं, पण सोललेलं नाही.

अन् मॅनिफोल्डचं रबर दाबून वाकवलं तं बुडाशी बारीक तडे दिसले, वरून काहीच समजत नव्हतं. फोटो टाकता येऊन नाही रायला, नेट कमजोर आहे इकडं.

कोपरा इंजिनात गेला असन का? आता भेव लागून रायलं.

गॅरेजवाला_परतवाडा

थांब थांब, आधी कोपरा पाह्य कसा आहे. यामाहाच्या पत्तीले एक कोपरा कंपनीतूनच तिरपा कापलेला असते, पत्ती कोनत्या बाजूनं बसवायची थे समजावं म्हणून, अन् वरच्या स्टॉपर प्लेटले बी तसाच काप असते, दोन्ही एकावर एक जुळले पाहिजेत. सरळ कात्रीनं कापल्यावानी असन अन् दोन्ही पत्त्याईले एकाच जागी असन तं थो कंपनीचा, झोपी जा. वाकडा-तिकडा कुरतडलेला असन तं तुटला.

तुटला असन तं सायलेन्सर काढ, एक्झॉस्ट पोर्टातून टॉर्च मार, किक हातानं हळूहळू दाबून पिस्टन वर-खाली कर अन् पिस्टनच्या अंगावर उभे चरे दिसतात का पाह्य. बोट फिरव, नखाले अडकते का. नखाले अडकलं नाही तं चिंता नोको, तुकडा कवाच उडून गेला. अडकलं तं मात्र हेड-सिलेंडर खोलल्याबिगर चालू करजो नोको.

अन् मॅनिफोल्डचे तडे, हे तं रीडपेक्षा बी मोठं दुखणं. तिथून फुकटची हवा आत जाते, माल पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी एकदम अॅक्सिलेटर दिल्यावर मरगळते थे यानं बी होते. अन् पातळ मालावर लांब ताणली का पिस्टन पकडते, म्हणजे जाम होते. आधी नवीन मॅनिफोल्ड. सिलिकॉन-फिलिकॉन चोपडू नोको, पेट्रोलनं फुगून थे आत जाते.

पांदण_एक्स्प्रेस

काका एक कोपरा सरळ कापलेला आहे दोन्हीले, थो कंपनीचा. पण वरच्या पत्तीचा दुसरा कोपरा बी गेला आहे, थो कुरतडलेला, नखभर असन. एक्झॉस्टमधून पाह्यलं, हलक्या रेघा आहेत पण नख अडकत नाही. बचलो म्हणायचं.

चक्री_सम्राट_पुसद

इतके दिवस वाचत होतो, आता लिहितो. सगळे रीड रीड करून रायले, पण भाऊ चिखलात दम पाहिजे तं सगळ्यात स्वस्त अन् सगळ्यात खात्रीचा उपाय चेन-चक्री आहे, त्याचं कोनी नाव बी नाही घेतलं. पुढची चक्री एक दात लहान घे. समज १४ ची १३ केली तं मागच्या चाकावर जोर साडेसात टक्क्याच्या आसपास वाढते, तेवढीच टॉप स्पीड जाते, पण पांदणीत टॉप स्पीडचं काय लोणचं घालायचं आहे. पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात. पुढची बदलणं स्वस्त, पण लय लहान करू नोको, चेन लवकर झिजते. चेनचं ताण बदलते थे पाहून घेजो, लांब शॉकप टाकलेत तं गाडीवर बसून ताण पाह्य, नुसत्या स्टँडवर पाहशीन तं फसशीन.

अन् टायरची हवा. ओल्या काळ्या मातीत टायर भरून गोळा होते, बटनं दिसतच नाहीत. हवा जरा कमी ठीव, टायर फाकते अन् माती झटकून टाकते. लय कमी बी नाही, ट्यूब रिमवर सरकून वॉल्व फाटते.

कार्बन_किंग_नागपूर

चक्री बदलून पॉवर वाढत नाही भाऊ, फक्त वाटते. आणि मी काय म्हणतो, मधे स्पेसर टाकला तर? रीड आणि कार्बोरेटरच्या मधे १० एमएमची प्लेट, बाहेरचे लोक त्याला टॉर्क स्पेसर म्हणतात, खालचा दम वाढतो असं व्हिडिओत पाहिलंय.

चक्री_सम्राट_पुसद

चिखलातून निघायले जोर टायरवर लागते, कागदावर नाही.

संथ_टू_स्ट्रोक

स्पेसरबद्दल माझं मत तितकंसं चांगलं नाही. तो रीड आणि कार्बोरेटरच्या मधे बसतो, त्यामुळे इनटेकची वाट लांब होते, तिथे हवेचा थोडा साठा होतो, त्यातून काही गाड्यांना मधल्या आरपीएमला मऊपणा येतो हे खरं. पण १०० सीसीच्या इंजिनाला, तेही बाकी सगळं ठाकठीक नसताना, तो फरक बुडाला कळणारच नाही. शिवाय दोन जास्तीची पॅकिंग म्हणजे हवा घ्यायच्या दोन जास्तीच्या जागा. आणि स्पेसर चुकून ब्लॉक आणि सिलेंडरच्या मधे घातला तर क्रँककेसची जागा वाढते आणि मालाला वर ढकलणारा दाबच कमी होतो, म्हणजे उलटा परिणाम.

त्यापेक्षा कार्बोरेटरकडे लक्ष द्या. मेन जेट पाऊण अॅक्सिलेटरच्या वरचं बघतो. तुमची तक्रार सुरुवातीच्या पाव भागातली आहे, तिथे पायलट जेट (हळू चालतानाचं बारीक जेट), एअर स्क्रू आणि स्लाईडचा काप यांचं राज्य. नवीन पत्त्या बसवल्या की आधी पायलट जेट काढून फुंकून साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. एअर स्क्रू पूर्ण आत हलक्या हाताने बसवा, मग दीड ते दोन चक्कर बाहेर, गाडी गरम झाल्यावर तिथून पाव पाव चक्कर फिरवत सगळ्यात चांगला पिकअप कुठे आहे ते बघा. मिकुनीच्या या कार्बोरेटरला हा हवेचा स्क्रू आहे, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, लोक उलटं समजतात. मधल्या भागात अडखळली तर सुईची क्लिप एक घर सरकवा. मेन जेटला शेवटी हात लावा.

अजून एक, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. त्या पेट्रोलला जाळायला तुलनेने कमी हवा लागते, म्हणजे जुन्या जेटवर गाडी जराशी पातळ चालते. ९४ सालच्या गाडीला हे लक्षात ठेवूनच जेट निवडा. इथेनॉल जुनं रबरही खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्या मॅनिफोल्डच्या तड्यांत त्याचा हात असू शकतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

पांदण_एक्स्प्रेस

दादा लय बारीक समजावलं, आभार. एक विचारू का, इकडं एक जण फायबरची शीट आणून हातानं पत्त्या कापते म्हणते, सर्किट बोर्डची जी हिरवी शीट राहते त्याची. चालते का? आमच्याकडं तयार पत्ती भेटन याची गॅरंटी नाही.

गॅरेजवाला_परतवाडा

चालते, मी बी केल्या आहेत, अडीनडीले. पण शीट नुसती काचेच्या धाग्याची अन् इपॉक्सीची पाहिजे, तांबं नसलेली. कागदी तपकिरी शीट घेऊ नोको, थे पेट्रोलमधी फुगते. जुनी चांगली पत्ती वर ठेवून बारीक सुईनं रेघ मारायची, कात्रीनं नाही कापायची, कात्रीनं कडेचे धागे फुटतात, धारदार पट्टीनं हळूहळू रेघ खोल करत तोडायची. कडा पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून गोल करायच्या. कोरडं घासू नोको, थो भुसा छातीत जाते, रुमाल बांधजो. टोकाचे कोपरे हलके गोल असले का पत्ती लवकर उसवत नाही. बसवल्यावर उन्हाकडं धरून पाह्य, आपसूक टेकली पाहिजे, जबरदस्तीनं दाबून नाही.

बारके स्क्रू आहेत, त्याले थोडंसं लॉकटाईट लाव, निळं, एकेक थेंब. अन् हातानं बेतानं कस, भोकाचे आटे अॅल्युमिनियमचे आहेत. स्क्रू ढिला होऊन आत पडला तं पत्ती परवडली म्हणशीन. स्टॉपर प्लेट जशी आहे तशीच बसव. काही पोट्टे थे पक्कडीनं वाकवतात, पत्ती जास्त उघडावी म्हणून, मग पत्ती बुडातून तुटते.

सगळं बसवल्यावर गाडी आयडलले ठीव अन् मॅनिफोल्डच्या भोवती कार्बोरेटर क्लीनरचा हलका फवारा मार. आवाज बदलला तं कुठून तरी हवा घेऊन रायली. उघड्यावर कर, गरम इंजिनावर अन् प्लगच्या वायरपाशी नको, भडका होईन. आवाज बदलला पण मॅनिफोल्ड बरोबर आहे, तं मग मॅग्नेट साईडचं क्रँक सील. अन् गिअर ऑईल आपोआप कमी होऊन रायलं, पांढरा धूर येऊन रायला, तं क्लच साईडचं सील, इंजिन थे ऑईल पिऊन रायलं समज. तुही गाडी इतके वर्ष कोठ्यात उभी होती, सील कडक होऊन जातात, माह्या मते दोन्ही बदलून टाक. बोर-पिस्टन केलं तवाच बदलायले पाहिजे होते, पण मिस्त्री लोक सांगतच नाहीत.

तुमी ऑईल पंपावर चालवता का पेट्रोलमधी मिक्स?

पांदण_एक्स्प्रेस

पंप काढून टाकला काका, मिक्स करतो. लिटरले ३० च्या आसपास टाकतो, अंदाजानं, बाटलीच्या झाकनानं.

गॅरेजवाला_परतवाडा

अंदाज नोको, माप आण मेडिकलमधून. लिटरले २५ म्हणजे ४० ले १, चांगल्या टू-टी ऑईलले थे बस होते. चिखलात क्लच मारून रेटायची आहे म्हणून ३० ठेवशीन तरी चालते, पण एकच आकडा ठीव. ऑईल कमी-जास्त झालं का पेट्रोलचं प्रमाण बी बदलते अन् मग तुही जेटिंग रोज वेगळी.

सायलेन्सर काढलाच आहे तं आतला कार्बन बी काढ. जाळी जाळून, ठोकून साफ कर, अन् वापस बसव. तिसऱ्यांदा नाही सांगणार.

मेळघाट_रायडर

एक सांगून ठेवतो, परतवाड्यावरून चिखलदऱ्याले चढवणार असाल तं खाली केलेली जेटिंग वर घट्ट (पेट्रोल जास्त) वाटते, वर हवा विरळ असते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे. वर जाऊन गाडी जराशी धुरकट, सुस्त वाटली तं घाबरून जेट बदलू नका, सुईची क्लिप एक घर वर घेतली का काम होते. खाली आल्यावर मात्र आठवणीनं वापस, नाही तं दारव्ह्याच्या उन्हात पातळ मालावर पिस्टन जाईन. प्लग काढून पाहत जा, कॉफीचा रंग चांगला, पांढरा फटक दिसला का थांबा.

पांदण_एक्स्प्रेस

अपडेट. यवतमाळले जुन्या सामानाच्या दुकानात फायबरच्या पत्त्या भेटल्या, दुकानदारानं व्हर्नियर लावून दाखवलं, ०.३० निघाल्या. मॅनिफोल्ड नवीन. दोन्ही सीलं बदलली, मॅग्नेट साईडचं सील तं हातात घेतलं तं प्लास्टिकवानी कडक, ओठाले लवचिकपणाच नव्हता. जाळी साफ करून बसवली काका 🙏 पायलट जेट फुंकलं, एअर स्क्रू पावणेदोन चक्करवर चांगला वाटला.

आता दुसऱ्या गिअरात हळू आलो अन् अॅक्सिलेटर दिला तं भोंऽऽ नाही होत, सरळ ओढते. किक दुसऱ्या-तिसऱ्यात. फिल्टरचा डबा कोरडा आहे. वरचा जोर जरासाक कमी वाटते, डांबरी रोडवर आधीसारखा झटका नाही. आवाज बी कमी झाला, पोट्टे म्हणतात गाडी म्हातारी झाली. चक्री अजून बदलली नाही, आधी असंच चालवून पाहतो.

चक्री_सम्राट_पुसद

बदल. पाणी पडल्यावर आठवण येईन.

कार्बन_किंग_नागपूर

मग तो झटका होता ती खरी पॉवर होती भाऊ, आता गाडी भाजी आणायची झाली 😂 वरचा जोर पाहिजे असेल तेव्हा सांग, मी सेटिंग देतो.

संथ_टू_स्ट्रोक

झटका पॉवरचा नव्हता. खालचं आणि मधलं नीट नव्हतं म्हणून वरचं एकदम आल्यासारखं वाटायचं. स्टॉप वॉच लावून पांदणीत एकच पट्टा आधीच्या आणि आताच्या पत्तीवर काढा, मग बोलू. आणि पहिल्या काही टाक्या झाल्यावर ब्लॉक एकदा परत उघडून पत्तीची टोकं बघा, पातळ फायबर आहे, टोकाला पांढरट धागे दिसायला लागले की बदलायची.

मोठेबापू_दिग्रस

नमस्कार. मी सगळं वाचलं. माझ्याकडे राजदूत १७५ आहे, वडिलांची. तीसुद्धा खालून दम देत नाही. तिला कोणत्या जाडीची रीड पत्ती टाकू? मिस्त्रीला विचारलं तर तो हसला.

गॅरेजवाला_परतवाडा

बापू, मिस्त्री हसला थे बरोबर हसला, पण त्यानं सांगायले पाहिजे होतं. राजदूत १७५ ले रीड वॉल्वच नाही. थे पिस्टन पोर्टवाली गाडी आहे, पिस्टनचा खालचा काठच इनटेकचं भोक उघडते अन् बंद करते. पत्ती शोधशीन तं गाडी पूर्ण खोलशीन तरी सापडणार नाही. रीड होती ती ३५० वाल्या राजदूतले, अन् यामाहाच्या आरएक्सले. तुमच्या गाडीले आधी पॉइंट, कंडेन्सर अन् टायमिंग पाहा, मग सायलेन्सरमधला कार्बन. पिस्टनचा खालचा काठ झिजला असन, पिस्टन सिलेंडरात डुगडुगत असन तं थे बी पाहा, त्या गाडीत पिस्टनच वॉल्वचं काम करते. तुमचा प्रश्न वेगळा धागा काढून टाका, इथं कार्बनवाले पोट्टे तुमाले कार्बनचा पिस्टन घ्यायले लावतीन.